जुन्या लेन्स, नवी बॉडी : खर्च नेमका कुठे वाढतो?

घरात फिल्मच्या काळातल्या निकॉनच्या लेन्स पडून आहेत, म्हणून नुसती डिजिटल बॉडी घेऊन भागवायचा बेत असेल, तर आधी हिशेब करा.

फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिमी. निकॉनच्या डीएक्स बॉडीचा सेन्सर साधारण २४ बाय १६. लेन्स तीच, पण चित्राच्या कडा सेन्सरबाहेर जातात. म्हणून लेन्सवरच्या आकड्याला दीडने गुणा. कॅनन असेल तर १.६ ने. ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. चेहऱ्यांना उत्तम, पण दहा बाय दहाच्या खोलीत वाढदिवसाचा ग्रुप घेताना तुमची पाठ भिंतीला टेकते. २८ ची वाइड लेन्स ४२ वर येते, म्हणजे वाइड उरतच नाही.

छुपा खर्च तो हाच. वाइडसाठी वेगळी लेन्स घ्यावीच लागते. सर्वांत स्वस्त वाट १८-५५ किट लेन्सची. ती २७ पासून सुरू झाल्यासारखी दिसते. म्हणून बॉडीचा आणि किटचा असे दोन्ही भाव विचारा. दुकानदार म्हणेल, ‘तुमची ३०० आता ४५० झाली!’ झाली वगैरे काही नाही, फोटो कडेने कापला गेलाय. दूरच्या पक्ष्यांसाठी ते चालतं, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

दुसरा फटका मोटरचा. लेन्सवर एएफ आणि आकड्यापुढे डी असेल, तर तिच्यात फोकसची मोटर नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीतही ती नसते, म्हणजे फोकस हातानेच करायचा. डी९० किंवा डी७००० मालिका घ्या. मिररलेस झेड बॉडीला निकॉनचा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लागतो, त्याचे पैसे वेगळे, आणि तरीही या लेन्सना ऑटोफोकस मिळत नाही. १९७७ पूर्वीची, निकॉनच्या एआय माउंटसाठी बदलून न घेतलेली लेन्स डी७००० वर चढवूच नका. बॉडीचा खटका मोडू शकतो.

डी९० आणि डी७००० मालिकेच्या बॉडी बहुतेक सेकंडहँडच मिळतात. मुंबईत असाल तर फोर्टच्या बोराबाजारात फिरा. सकाळी जा, उजेडात बघता येतं. स्वतःच्या लेन्स आणि मेमरी कार्ड बरोबर न्या. प्रत्येक लेन्स लावून फोटो काढा, शटर काउंट विचारा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सफाईचा खर्च आधी लेखी घ्या. काचेचं कोटिंग खाल्लं गेलं असेल तर सफाईनेही डाग जात नाही. बिलावर बॉडीचा सीरियल नंबर हवाच. ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हणाले, तर वॉरंटी कोण देणार ते विचारा. बिल असूनही दुकानदाराने हात वर केले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.