कॉलेजला निघालेल्या मुलाची प्रकृती

मे महिन्याच्या अखेरीस आपल्या खानापूर-बेळगाव भागात धूळवाफ पेरणीची घाई असते, आणि साधारण त्याच सुमारास बारावी झालेल्या मुलामुलींची कॉलेजसाठी धावपळ चालू होते. बाप शेतात, आई घरच्या कामात. मुलाची बॅग शेवटच्या रात्री भरली जाते. तीत कपडे, चादर, लाडवांचा डबा, दाखल्यांची पिशवी असे सर्व असते. परंतु परगावी आजारी पडल्यास काय करायचे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

आपली मुले काटक आहेत ही गोष्ट खरी. चिखलात दिवसभर रोप लावणारा मुलगा शहरातल्या जिन्यांनी दमणार नाही. पण घरी त्याच्या शरीराकडे लक्ष ठेवणारे दुसरेच कोणी असते. कपाळ गरम लागले हे आईला आधी कळते. जेवण गेले नाही हे आजी ओळखते. हॉस्टेलात ही माणसे नसतात. म्हणून त्यांचे काम निघण्यापूर्वी मुलाच्या हाती सोपवायला हवे. निदान दोन-तीन आठवडे तरी घरी त्याचा सराव करून घ्यावा. स्वतःचा भात व आमटी त्याने शिजवावी, कपडे धुवावेत. थर्मामीटर लावून ताप किती व केव्हा होता ते कागदावर लिहावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने जाऊन केसपेपर काढावा. मुलग्यांनाही हे सर्व शिकवावे. ‘त्याला चुलीजवळ कशाला’ हे म्हणणे आता सोडलेले बरे.

त्याच फेरीत रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मुलींमध्ये ते १२ ग्रॅमच्या खाली व मुलग्यांमध्ये १३ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे समजावे आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात. अभ्यासात लक्ष लागत नाही, धाप लागते, अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथेच असते. धनुर्वात व घटसर्पाची टीडी लस सोळाव्या वर्षी सरकारी केंद्रात मोफत मिळते. राहिली असल्यास विचारावे. विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, लस बहुधा खाजगीत विकत घ्यावी लागते. ऐपत असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे ती टोचून घ्यावी.

हे एवढ्यासाठी सांगतो की, मुले नव्या गावी पोचतात ती ऐन पावसाळ्यात. टायफॉइड, कावीळ व जुलाब ह्या तिन्ही रोगांचा मोठा रस्ता पाणी हाच. टाकीचे पाणी स्वच्छ दिसले म्हणून पिऊ नये. उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू दिलेले पाणी सुरक्षित असते. हॉस्टेलात किटली चालत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या ठेवाव्यात. वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. जुलाब लागल्यास ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावी. अर्धी पुडी पेल्यात घालून पिणे चुकीचे आहे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे.

तापाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. अंगात ताप असताना पॅरासिटॅमॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, पुन्हा लागल्यास सहा तासांनी. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्या गोळ्या तापात स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण ताप डेंग्यूचा असल्यास त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलवाला ‘अंगदुखीची’ म्हणून जी गोळी देतो तिच्यात ह्यांपैकी काही आहे का, ते नाव वाचून पाहावे. दोन दिवसांत ताप हटला नाही तर रक्त तपासावे. डेंग्यूची आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरतो, मुलगा बरे वाटते म्हणून वर्गात जातो, आणि खरा धोका त्याच वेळी सुरू होतो. पोटात जोराने दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठावे. हा परिच्छेद कापून मुलाच्या वहीत चिकटवला तरी चालेल.

इथे शेतकऱ्याच्या मुलाची एक अडचण येते आणि ती त्याच्या चांगुलपणातून येते. तो दुखणे लपवतो. फी सोसायटीच्या कर्जातून भरली की रेडकू विकून, हे त्याला माहीत असते; मग डॉक्टरचे दोनशे रुपये वाचवावेत असे त्याला वाटते. पालकहो, ‘काही लागले तर सांग’ एवढ्याने भागत नाही. दोन हजार रुपये वेगळे द्यावेत आणि स्पष्ट सांगावे: हे आजाराचे पैसे आहेत, ह्यांचा हिशेब विचारणार नाही. आयुष्मान कार्ड असल्यास त्याची प्रत द्यावी व त्या शहरातील कोणत्या इस्पितळात ते चालते हे आधीच विचारून ठेवावे. ते दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे, साध्या तपासणीसाठी नव्हे.

खाण्यासाठी चिवड्यापेक्षा घरची नाचणी द्यावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि भाजलेल्या पिठाची पेज पाच मिनिटांत होते. सोबत शेंगदाणे व गूळ. मात्र बुरशी आलेले वा कडू लागणारे शेंगदाणे फेकून द्यावेत; त्यांतील विष यकृताला अपाय करते व भाजल्याने पुरते जात नाही.

पहिला महिना मनालाही जड जातो. मराठी शाळेतला मुलगा इंग्रजी व्याख्यानांत बसतो, बाहेर कधी कन्नड तर कधी हिंदी, आणि खोलीत अनोळखी माणसे. फोनवर पहिला प्रश्न पैशांचा वा मार्कांचा नसावा. काल रात्री काय जेवलास, झोप लागते का, हे विचारावे. झोप उडाली, जेवण सुटले, जगण्याचा कंटाळा बोलू लागला, तर रागावू नये. कोणीतरी त्याच्याकडे जाऊन यावे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ वर करता येते.

मूल पहिल्यांदा सुटीवर आले की त्याचे वजन करावे. वजन उतरले असेल, संध्याकाळी कणकण येत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर हवापालटावर न सोडता थुंकी तपासावी. ही तपासणी व क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.