परसांतील वेलांचीं फळें कां गळतात?

पावसाळा लागला कीं पनवेल, उरण व बेलापूर या बाजूस घरोघरीं काकडी, शिराळीं, दुधी भोपळा यांचे वेल मांडवावर चढतात. वेल जोमानें वाढतो, फुलांनीं भरतो. परंतु बोटाएवढीं झालेलीं फळें पिवळीं पडून गळूं लागतात. रोग पडला असें समजून घरधनी औषधाचा पंप हातीं घेतो. पुष्कळ वेळां तेथें रोग नसतोच. फुलाकडे योग्य कीटक आलेला नसतो. आणि जे थोडे कीटक येत असतात, तेही त्या फवाऱ्यानें नाहींसे होतात. या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

या वेलांना नर व मादी फुलें वेगळीं येतात. मादी फुलाच्या मागें इवलेंसें फळ आधींच दिसतें. नर फुलास नुसता देंठ असतो. नर फुलांतील पराग जड व चिकट असल्यामुळें वाऱ्यानें उडत नाहींत. ते कीटकानेंच नेले पाहिजेत. लाल भोपळ्याचें फूल पहांटे उमलून दुपारपूर्वीं मिटतें व मधमाशांवर अवलंबून असतें. दुधीचें पांढरें फूल सायंकाळीं उमलतें. त्याकडे पतंग येतात. वांग्याचे पराग केसराच्या टोंकावरील छिद्रांतून, फूल थरथरल्यावरच, मोकळे होतात. हें काम काळा भुंगा करतो. सातेरी मधमाशीस तें साधत नाहीं. सारांश, एकाच जातीच्या कीटकानें परसाचें भागत नाहीं.

गळालेलें फळ प्रथम कापून पाहावें. सालीवर टोंचल्याची खूण व आंत अळ्या असल्यास तें फळमाशीचें कृत्य होय. अशीं फळें गोळा करून खोल पुरावीं. तसें कांहीं न आढळल्यास दुसऱ्या दिवशीं ताजें नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे केसर चार-पांच मादी फुलांस हलकेच लावावे व त्यांस दोरा बांधावा. काकडीस हें सकाळीं करावें, दुधीस सायंकाळीं. दोऱ्याचीं फळें धरलीं आणि इतर गळालीं, तर उणीव कशाची आहे हें सिद्ध झालें. या प्रयोगास एक पैही खर्च नाहीं.

परंतु रोज हातानें पराग लावीत बसणें हा कायमचा उपाय नव्हे. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील जमिनी नव्या मुंबईसाठीं घेण्यांत आल्या. जेथें खाचरांचे बांध गेले, तेथें बांधावरचीं झुडपें व त्यांतील कीटकांचीं वसतिस्थानेंही गेलीं. आतां तीं परसांतच निर्माण केलीं पाहिजेत.

त्यासाठीं बारमास फूल असावें. हिवाळ्यांत अडुळसा, तसेंच फुलावर सोडलेली कोथिंबीर व बडीशेप, पुढें शेवगा, उन्हाळ्यांत कढीलिंब, ताम्हण व कुंपणाशीं करंज, पावसाळ्यांत तेरडा व निर्गुडी, आणि तुळस तर आहेच. लिंबाचीं कांहीं पानें अळ्या खातील, तीं खाऊं द्यावीं. त्यांतूनच फुलपांखरें निघतात.

अनेक रानमाशा जमिनींत बिळें करून राहतात. सर्व अंगण फरशीनें झांकलें तर त्यांस जागा उरत नाहीं. म्हणून एक उंच, कोरडा कोपरा उघडा ठेवावा. वाळलेल्या बांबूचे तुकडे आडोशास बांधल्यास भुंगे त्यांत घर करितात. पसरट भांड्यांत खडे घालून पाणी ठेवावें. डांसांसाठीं तें दर दोन दिवसांनीं बदलावें.

औषधाविषयीं एवढेंच सांगणें आहे कीं, ज्या परसांत कांहीं फुलें सकाळीं व कांहीं सायंकाळीं उमलतात, तेथें फवारणीस निर्धोक अशी वेळच नाहीं. निऑनिकोटिनॉइड वर्गांतील औषधें तर मुळांतून शोषिलीं जाऊन परागांत व मधांत उतरतात. फुलोऱ्यांत त्यांचा वापर सर्वथा टाळावा.

कीटक कुंपण ओळखीत नाहीं. एकानें फुलें लावावीं व शेजाऱ्यानें विष फवारावें, तर दोघांचीही फळें गळतील. म्हणून एका आळींतील पांच-सात घरांनीं हा विचार मिळून करावा, अशी आमची सूचना आहे.