काहीलही परमेश्वरासाठी पवित्र

पाठ : जखऱ्या १४:२०-२१, योहान २१:१-१४. जोडवाचन : नीतिसूत्रे ११:१, कलस्सै ३:२२-२४.



गेल्या हंगामात आपल्या मंडळीतील एक बंधू सलग तीन रविवार उपासनेस आला नाही, म्हणून मी शाहूपुरीहून त्याच्या गावच्या गुऱ्हाळावर गेलो. तो चुलवाणापाशी बसून चिपाडांचा जाळ घालीत होता. मी त्याला दोन कठोर शब्द बोललो. त्याने मान खाली घालून म्हटले, "पाळकसाहेब, देव देवळात भेटतो, आन् माझं पोट हितं हाय. हंगामभर देवाबिगरच काढायचं, दुसरं काय?"

मला उत्तर सुचले नाही. मीच त्याला आजवर असे शिकविले होते की काय, या विचाराने मी घरी आलो व जखऱ्याचा शेवटचा अध्याय उघडला.

१. भांड्यांविषयीचे अभिवचन. मोशेच्या नियमाप्रमाणे मुख्य याजकाच्या मंदिलावर सोन्याची पट्टी असे, आणि तो परमेश्वरासाठी पवित्र आहे, अशी अक्षरे तिजवर कोरलेली असत (निर्गम २८:३६). ती अक्षरे इतर कोणाच्या कपाळी नव्हती. परंतु जखऱ्या म्हणतो की, एक दिवस तीच अक्षरे घोड्यांच्या घंटांवर दिसतील, आणि यरुशलेमेतील व यहूदातील प्रत्येक भांडे परमेश्वरासाठी पवित्र होईल. देव याजकाची पट्टी काढून घेत नाही. तिच्यावरील अक्षरे तो स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवितो. मग ज्या काहिलीत उसाचा रस उकळतो, ती काहील या अभिवचनाबाहेर कशी राहील?

२. प्रभूने पेटविलेला विस्तव. पुनरुत्थित प्रभू तिबिर्या समुद्राच्या काठी शिष्यांना भेटला, तेव्हा ते मंदिरात नव्हते, तर रात्रभर जाळी टाकून दमले होते. त्याने कोळशांचा विस्तव पेटवून मासळी व भाकर तयार ठेविली होती. ज्या हातांना खिळ्यांचे व्रण होते, त्याच हातांनी त्याने त्यांना न्याहारी वाढिली. मोशेलाही देवाचे दर्शन सासऱ्याची मेंढरे चारीत असताना झाले. आपल्या महाराष्ट्रातही सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीपाल्यात देव आठवे, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. देव कामाच्या ठिकाणी येतो; मात्र आपण त्यास ओळखिले पाहिजे.

३. पावित्र्याची कसोटी. येथे सावध असावे. काम पवित्र आहे असे म्हणणे सोपे. ते पवित्रपणे करणे कठीण. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसविली, आणि गुळाच्या व्यापाराने तिचे नाव दूरवर गेले. आज गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात. चांगला गुळव्या रसात चुना बेताने घालतो, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर आणून ती काढून टाकतो, आणि पाक थंड पाण्यात टाकून तो तयार झाला की नाही हे पाहतो. परंतु ढेप पिवळीधमक दिसावी म्हणून कित्येक ठिकाणी हायड्रॉसची पूड प्रमाणाबाहेर घालितात. कोठे रसात साखरही मिसळितात. खाणाऱ्यास ते दिसत नाही, देवास दिसते. खोट्या तराजूचा त्याला वीट आहे, असे नीतिसूत्रे सांगतात. ज्या काहिलीत लबाडी शिजते, तिच्यावर पवित्रतेची अक्षरे कोण लिहील?

तुम्ही म्हणाल, "आम्ही मजूर, मालक सांगेल ते करावे लागते." ही अडचण खरी आहे, व मी ती हलकी मानीत नाही. तरी नम्रपणे एकदा बोलून पाहावे, स्वतःच्या हाताने लबाडी न करावी, आणि मजुरी गेल्यास मंडळीने त्या घरची चूल विझू देऊ नये. एकाच्या सचोटीचा भार एकट्यानेच वाहावा, हे ख्रिस्ताचे शिक्षण नव्हे.

४. मग रविवार कशाला? काही जण म्हणतील, देव सर्वत्र आहे, तर उपासनेस जाण्याची गरज काय? बंधूंनो, ज्याने देवाचा शब्द ऐकिला नाही, तो चुलवाणापाशी कोणाचा आवाज ओळखणार? समुद्रकाठी प्रभूला ओळखणारे शिष्य तीन वर्षे त्याच्या पायांशी बसले होते. रविवार हा आठवड्याचे बी आहे. बी न पेरता पीक कोठून येईल?

मी पुन्हा त्या गुऱ्हाळावर गेलो, तो दोष देण्यास नव्हे, तर क्षमा मागण्यास. एक आधण उतरल्यावर आम्ही तेथेच दहा मिनिटे शास्त्रवाचन व प्रार्थना केली. दोन मजूर दूर उभे राहून ऐकत होते. उपदेशकांनो, हंगामात लोक येत नाहीत म्हणून रुसू नका, तुम्हीच जा.

विचारार्थ प्रश्न : (१) याजकाच्या पट्टीवरील अक्षरे घोड्यांच्या घंटांवर येणे, याचा अर्थ काय? (२) तुमच्या रोजच्या कामात लबाडी कोठून शिरते? (३) सचोटीमुळे मजुरी गमावणाऱ्यास तुमची मंडळी कसे साहाय्य करील?

प्रार्थना : हे प्रभू, तू सुताराचे काम केलेस. आमची चूल, आमचा तराजू व आमचे हात तुझे कर. आमेन.