शीड आखडणे

मुलांनो, आपले नांदेड गोदावरीच्या काठी आहे, पण समुद्र येथून फार दूर. म्हणून शिडाची होडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली नसेल. उर्दूत ज्याला आपण बादबान म्हणतो, तेच मराठीत शीड. (आपला नाखुदा तर कोकणात नाखवा झाला!)

शिडात वारा भरला की होडी पुढे जाते. मग वारा जितका जास्त तितके चांगले, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की शिडावरचा जोर चौपट होतो. होडी एका बाजूला कलते. सुकाणू फिरवले तरी ती वळत नाही. पावसात वाऱ्याने उलटी होणारी छत्री आठवा. अशा वेळी नाविक शीड थोडे खाली उतरवतात आणि खालचा सैल भाग आडव्या काठीला बांधतात. यालाच शीड आखडणे म्हणतात. शीड लहान झाले, की होडी पुन्हा ताब्यात येते.

नौदलातील दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले व १९ मे २०१० रोजी परतले. वाटेत ते फक्त चार बंदरांत थांबले. दक्षिणेच्या समुद्रात वारा अडवायला जमीनच नाही. रात्री वारा वाढला, तर शीड आखडायला दुसरे कोण होते?

म्हणून नाविक वाट पाहत नाहीत. ‘आता आखडावे का?’ असे मनात आले, की लगेच आखडतात. उशीर झाला, तर ताणलेले शीड खाली ओढणे फार कठीण जाते. वारा ओसरला, की दोऱ्या सोडून ते पुन्हा वर चढवतात.