ग्राइंडर स्वस्त चालेल, चाक नको

अगं, एवढी गांगरू नकोस. पडवीत टेबल टाकलंस, भिंतीवर पाने-पकडी टांगल्यास, बोर्डही तूच बसवून घेतलास ना? मग बेंच ग्राइंडर निवडणं काही त्याहून अवघड नाही. मोबाइलवर ढीगभर मॉडेलं बघून डोकं भणभणलंय, एवढंच. तो ठेव बाजूला आणि ऐक.

आधी हे बघ, की धार लावायचीय कशाला? आपल्याकडे घरच्या वर्कशॉपचं काम ठरलेलं असतं. बागेतला कोयता, टिकाव-कुदळ, सुतारकामाच्या पटाश्या, ड्रिलची बिटं, वेल्डिंगनंतर उरलेले कंगोरे. एवढ्याला 6 इंची, म्हणजे 150 मिलिमीटर चाकाचं मशीन पुरे झालं. दुकानदार 8 इंची पुढे सरकवेल, "ताई, पुढे उपयोगी पडेल" म्हणेल. पडू दे. त्याला मोटर मोठी लागते, प्रत्येक चाक महाग पडतं आणि तुझं अर्धं टेबल त्यातच जातं.

मोटरीत मात्र कंजुषी करू नकोस. 150 वॉटची खेळणी मिळतात, त्यांच्यावर कोयता जरा दाबून धरला की चाक थांबतं. 250 वॉटमध्ये हलक्या हाताने काम भागतं. पण संध्याकाळी वाडीतले पंप सुरू झाले की व्होल्टेज कसं बसतं, ते तुला मी सांगायला नको. म्हणून मी तर अर्ध्या हॉर्सपॉवरचं, म्हणजे 370 वॉटच्या आसपासचं घे म्हणेन. साध्या सॉकेटवर चालतं. फक्त अर्थिंग नीट आहे ना, ते वायरमनकडून एकदा बघून घे, पावसाळ्यात ओल्या पायांनी उभी राहणार आहेस तू.

दुकानात गेलीस की आधी मशीन उचलून बघ. अर्ध्या हॉर्सपॉवरचं चांगलं मशीन 10 किलोंच्या आसपास भरतं. हाताला फारच हलकं लागलं तर पत्र्याचाच कारभार समज. मग चालू करायला लाव. टेबलावर थरथरत सरकायला लागलं, तर ते तिथेच सोड. स्विच बंद केल्यावर चाक बराच वेळ शांतपणे फिरत राहिलं पाहिजे. खरखरून लगेच थांबलं, तर बेअरिंगमध्ये गडबड आहे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून जुनं मिळालं तरी लाजू नकोस गं. प्लग काढायचा, चाक हाताने वर-खाली हलवायचं, शाफ्टला खुळखुळ नसेल तर जुनं मशीन नव्या हलक्या मशीनपेक्षा केव्हाही बरं.

आता खरं सांगू का? स्वस्त मशीन खराब वाटतं ते पुष्कळदा चाकामुळे. सोबत येणारी करड्या रंगाची चाकं साध्या लोखंडाला ठीक आहेत. पटाशीला आणि ड्रिलच्या बिटाला ती लवकर तापवतात. माझी पहिली पटाशी अशी निळीशार झाली होती, आणि मी मेली ती कौतुकाने सगळ्यांना दाखवत होते! निळा रंग चढला म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. तेव्हा मशीनमध्ये वाचलेल्या पैशांतून एक चांगलं पांढरं चाक घे, 60 किंवा 80 ग्रिटचं. चाकावर एक अक्षरही छापलेलं असतं. ए पासून झेडकडे जावं तसं चाक कडक होत जातं. आपल्याला एच ते के मधलं हवं. मऊ चाकाचे बोथट कण झडून नवे कण वर येतात, म्हणून ते कमी तापतं. दुसऱ्या बाजूला मशीनचंच जाडंभरडं 36 राहू दे, टिकावा-कुदळीला. जांभ्याच्या भिंतीला भोकं पाडून ड्रिलचं कार्बाइडचं टोक बोथट झालं असेल, तर त्याला हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं चाक लागतं. ते आत्ताच नको, गरज पडली की आण.

आणि चाक काही परदेशातूनच यावं लागतं असं नाही हं. आपल्याच कोकणात, उरणजवळ मोऱ्याला, 1941 मध्ये ग्राइंडिंग व्हील बनायला लागली. आजची ग्राइंडवेल नॉर्टन तिथूनच उभी राहिली. नावाजलेल्या कंपनीचं चाक माग, आणि जुनं चाक पिशवीत घालून बरोबर ने, म्हणजे मधल्या भोकाच्या मापाचा घोळ होणार नाही. बसत नाही म्हणून भोक कोरायचं नाही, ठोकायचं तर अजिबात नाही.

बसवण्याआधी चाक बोटावर लटकवून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हळूच वाजव. खणखणीत वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर तडा आहे, दुकानात परत. दोन्ही बाजूंचे कागदी वॉशर फेकू नकोस. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, तेव्हा निघत नाही म्हणून जोर लावत बसू नकोस. पातं टेकवायचा टेकू आणि चाक यांच्यात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवायची नाही, नाहीतर पातं आत ओढलं जातं.

भीती वाटतेय ना? वाटू दे थोडी. मिनिटाला 2800 फेरे म्हणजे चाकाची कड ताशी 80 किलोमीटरच्या आसपास धावते, आपला महामार्ग तरी एवढं पळू देतो का कुणाला? म्हणून चालू करताना समोर नाही, बाजूला उभी राहा, मिनिटभर रिकामं फिरू दे. डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क. ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या, मोकळे केस, काही लोंबतं नको. हातमोजेही नकोत, ते चाकात अडकतात. अॅल्युमिनियम-पितळ त्यावर घासू नकोस, चाक भरून जातं. ठिणग्या उडतात त्या बाजूला सोडणं, पेंढा, आणि मुख्य म्हणजे ग्रासकटरच्या पेट्रोलचा कॅन ठेवू नकोस. पाण्याचं भांडं जवळ ठेव, दोन-तीन फेऱ्या झाल्या की पातं बुडव. चाक मात्र पाण्याजवळ नेऊ नकोस, ते पाणी पितं आणि मग एका अंगाला जड होऊन थरथरतं.

आपल्या खाऱ्या हवेत टेकू आणि नट गंजतात, त्यांना तेलाचा हात फिरव. पावसाळ्यात काम नसलं तरी मधूनमधून पाच मिनिटं चालू कर, मोटरीतला दमटपणा जातो.

घरातली विळी आणि सुऱ्या मात्र यावर नेऊ नकोस हं. पातळ पातं क्षणात तापतं, त्यांना सहाणच बरी. आणि बिल मागून घे गं, साध्या चिठ्ठीवर भागवू नकोस. वॉरंटीला तेच लागतं.