सुभेदार कामाला, बादशहा रिकामा

नावाजलेल्या पेढीचा माल बाजारात येतो, जुने गिऱ्हाईक विश्वासाने घेऊन जाते आणि आठ दिवसांत तोंड वाकडे करून बसते. माल अगदीच टाकाऊ नसतानाही असे का घडते, हे समजून घेण्यासाठी या वेळी आम्ही अमेरिकेतील एका संगणक खेळाचे उदाहरण निवडले आहे. कापड, चामडे, भांडी सोडून खेळाकडे कुठे वळलात, असे काही वाचक विचारतील. कारण साधे आहे. या खेळाचे गिऱ्हाईक बोलके होते. आपल्याला काय खटकले ते त्यांनी बारीकसारीक तपशिलासह लिहून ठेवले. आपल्याकडचे गिऱ्हाईक बहुधा काही न बोलता शेजारच्या दुकानात जाते, आणि आपण मात्र मंदी आहे म्हणून हळहळत राहतो.

खेळाचे नाव ‘मास्टर ऑफ ओरायन ३’. तो फेब्रुवारी २००३ मध्ये बाजारात आला. त्याचा पहिला भाग १९९३ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरातल्या सिमटेक्स या कंपनीने बनवला होता आणि मायक्रोप्रोज या कंपनीने विकला होता. खेळणारा एका ग्रहाचा राजा म्हणून सुरुवात करतो. जवळपासच्या ताऱ्यांकडे जहाजे पाठवायची, चांगली जागा दिसली की वस्ती करायची, कारखाने उभारायचे, नवे शोध लावायचे, शेजारच्या राज्यांशी तह करायचा नाही तर लढायचे, असे करत करत अंतराळात साम्राज्य उभे करायचे. याच खेळाविषयी लिहिताना अॅलन एमरिच या लेखकाने ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या मासिकात ‘फोर एक्स’ हे नाव काढले. शोधणे, पसरणे, उपयोगात आणणे आणि संपवणे या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांत एक्सचा उच्चार येतो, त्यावरून हे नाव. आज या जातीच्या सगळ्याच खेळांना ते लागू झाले आहे.

१९९६ मध्ये दुसरा भाग आला आणि तो पहिल्याहून अधिक गाजला. त्यात प्रत्येक ग्रहावर किती माणसे शेतीला, किती कारखान्यात आणि किती संशोधनाला लावायची, हे खेळणारा स्वतः ठरवी. कोणती इमारत आधी आणि कोणती मागाहून, याची यादी तोच करी. जहाजावर कोणते शस्त्र बसवायचे हेही त्याच्याच हाती. लढाई बुद्धिबळासारखी पाळीपाळीने चाले, त्यामुळे विचाराला सवड मिळे.

यात एक खरी अडचण होती. साम्राज्य लहान असते तोवर ही कामे गोड वाटतात. समजा चाळीस ग्रह झाले आणि प्रत्येक ग्रहाबाबत तीन निर्णय घ्यायचे ठरले, तर एका पाळीत एकशेवीस निर्णय झाले. त्यातले शंभर तरी तेच ते असतात. एका दुकानाची पाच दुकाने केलेल्या माणसाला हा अनुभव सांगायला नको. सकाळपासून रात्रीपर्यंत मालक राबतो, आणि मोठा निर्णय घ्यायला डोके शिल्लक राहत नाही. खेळाडूही हीच तक्रार करत असत.

तिसरा भाग निघेपर्यंत बरेच हात बदलले होते. सिमटेक्स १९९७ मध्ये बंद पडली. मायक्रोप्रोज १९९८ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली, आणि २००१ मध्ये हॅस्ब्रोचा संगणक खेळांचा धंदा फ्रान्सच्या इन्फोग्राम्सने घेतला. म्हणजे नाव जुने, पण ते ज्यांनी कमावले ते कारागीर त्यात नव्हते. काम कॅलिफोर्नियातील क्विकसिल्व्हर या कंपनीकडे गेले. आखणी करायला बसला तो ‘फोर एक्स’ हा शब्द देणारा एमरिच स्वतः. माणूस जाणकार होता आणि त्याने दुखणे बरोबर ओळखले होते, याविषयी आम्हाला शंका नाही.

त्याचा उपाय दोन भागांचा होता. पहिला भाग असा, की प्रत्येक ग्रहावर एक सुभेदार नेमायचा. खेळात त्याला व्हाइसरॉय म्हटले आहे. बादशहाने धोरण सांगावे आणि रोजची कामे सुभेदाराने करावीत. दुसरा भाग अधिक विचारपूर्वक केलेला होता. बादशहाचे लक्ष हीच सर्वात दुर्मिळ वस्तू मानायची आणि प्रत्येक पाळीला त्याला लक्षाचे ठरावीक गुण द्यायचे. ज्या कामात तो स्वतः हात घालील त्यासाठी गुण खर्ची पडतील, बाकी सगळे सुभेदार पाहतील. यामुळे आज कुठे लक्ष घालायचे आणि कुठे डोळेझाक करायची, हाच खेळ होणार होता. दहा कामांपैकी तीनच कामे स्वतः करण्याइतका वेळ असलेल्या प्रत्येक मालकाला यातली खुमारी कळेल.

पुढे हा दुसरा भाग काढून टाकण्यात आला. खेळणाऱ्याचे हात बांधले जातात, अशी भीती त्यामागे होती. खेळ पुरा होण्यापूर्वी एमरिचही या कामातून बाहेर पडला. सुभेदार मात्र राहिले. आमच्या मते सगळा घोटाळा इथे आहे. लक्षाच्या गुणांचे माप होते तेव्हा सुभेदाराने परस्पर काम करण्याला अर्थ होता. माप गेल्यावर बादशहा हवे तिथे, हवे तितक्या वेळा हात घालू शकत होता, आणि सुभेदार त्याने घातलेली घडी पुन्हा मोडू शकत होता. एका गादीवर दोन मालक बसले.

खेळाडूंच्या तक्रारी वाचल्या की हेच चित्र वरचेवर दिसते. मी बांधकामाची यादी केली, सुभेदाराने ती बदलली. मी मागितली नव्हती तरी सैन्य वाहून नेणारी जहाजे एकामागून एक तयार होत राहिली. मी काही केले नाही, नुसते ‘पुढची पाळी’ हे बटण दाबत राहिलो, तरी राज्य वाढतच होते, मग माझे काम काय? हा शेवटचा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत आपल्याला जागाच नाही, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात आले होते.

शेरवानी शिवायला टाकणारा माणूस कॉलर कशी, गुंड्या कोणत्या, लांबी किती हे हौसेने सांगतो. काजाला टाके किती घालू, असे त्याला विचारले तर तो कंटाळेल. उलट, कॉलर आणि गुंड्या शिंप्याने आपल्याच मनाने ठरवल्या तर शिलाई कितीही सुबक असो, तो माणूस रागावेल. जुन्या खेळात टाकेही गिऱ्हाइकालाच मोजावे लागत. नव्याने टाक्यांच्या जोडीला कॉलरही काढून घेतली. आपल्या धंद्यात गिऱ्हाइकाची कॉलर कोणती आणि टाके कोणते, हे प्रत्येकाने मालासमोर बसून एकदा ठरवून पाहावे. उत्तर दर धंद्याला वेगळे येईल, आणि पुष्कळदा आपण धरून चाललो होतो त्याच्या उलट येईल.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. पाळीपाळीची लढाई जाऊन सलग चालणारी लढाई आली. त्यात जहाजे ठिपक्यांएवढी दिसत आणि हुकूम एकेका जहाजाला न देता ताफ्याला द्यावा लागे. तो ताफाही मुख्य जहाजे, सोबतीची जहाजे आणि टेहळणीची जहाजे अशा साच्यात बसवल्याशिवाय निघत नसे. पडद्यांमागे पडदे आणि आकड्यांमागे आकडे होते, पण कोणत्या आकड्याने काय फरक पडतो ते सांगणारे कोणी नव्हते. शेजारची राज्ये आज युद्ध पुकारत आणि थोड्याच वेळात व्यापाराचा प्रस्ताव धाडत, त्यामुळे तहनाम्याला काही वजन उरले नाही. शिवाय जुन्या भागांतले अस्वलासारखे बुलराथी, पक्ष्यासारखे अल्कारी, मांजरासारखे म्रशान हे लोक गायब झाले होते. ही बाब बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. पण वर्षानुवर्षे ज्या घराण्याचा राजा म्हणून खेळलो ते घराणेच नाही म्हटल्यावर जुन्या खेळाडूला ते लागणारच. नेहमीचा शिक्का, नेहमीची किनार काढून टाकणाऱ्या कारखानदाराने हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट नाराजीला कारण झाली, ती म्हणजे आगाऊ केलेला बोलबाला. खेळ तयार होत असताना त्याच्या कल्पना लोकांपुढे खुलेपणाने मांडल्या जात होत्या. चाहते त्यावर चर्चा करत, सूचना देत, मनात इमले बांधत. त्यातल्या मोठमोठ्या कल्पना गळाल्या, तेव्हा हाती आलेल्या वस्तूची तुलना जुन्या खेळाशी झालीच, शिवाय मनातल्या न झालेल्या खेळाशीही झाली. दाखवलेला नमुना आणि दिलेला माल यांत फरक पडला की नग चांगला असूनही फसवल्याची भावना होते. घाऊक व्यापारात तर यावरून माल परत येतो.

सगळीच मते विरोधी होती असे मात्र नाही. काही समीक्षकांनी खेळाला भरपूर गुण दिले. काही खेळाडूंचेही म्हणणे असे पडले, की ग्रहाग्रहावर बोट ठेवायची सवय सोडा, विकासाचे धोरण लिहून द्या, तिजोरी सांभाळा, आणि मग खेळ उलगडतो. या लोकांना आम्ही भाबडे म्हणणार नाही. मोठ्या राज्याचा कारभार हुकमाने नाही तर नेमणुकीने चालतो, हे त्यांनी ओळखले होते. अडचण एवढीच होती, की ज्याच्यावर भार टाकायचा तो सुभेदार भरवशाचा नव्हता. नोकराला पेटी सोपवावी असे सगळे सांगतात. पण तो रात्री हिशेब दाखवत नसेल आणि आपण लावलेला भाव परस्पर बदलत असेल, तर सोपवणार कोण? खेळातला सुभेदार अमुक का केले याचे कारण देत नसे. तो थोडा कमी हुशार असता आणि आपला हिशेब दाखवत असता तर लोकांनी त्याला चालवून घेतले असते, असे आमचे मत आहे.

यानंतर महिनाभरातच, मार्च २००३ मध्ये, मिशिगन राज्यातील स्टारडॉक या त्यामानाने लहान कंपनीचा ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स’ हा खेळ आला. त्यात मोठ्या घोषणा नव्हत्या. पाळीपाळीने चालणारा, समजायला सोपा आणि शेजारी राज्ये डोके चालवून खेळतात असे वाटायला लावणारा हा खेळ होता. नाराज गिऱ्हाईक ताजे असताना समोरचे दुकान उघडे असणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. त्या खेळाचे पुढचे भाग निघत राहिले, २००६ मध्ये दुसरा भाग आला आणि तो नावाजला गेला.

‘ओरायन’च्या तिसऱ्या भागाला कंपनीने काही दुरुस्त्या दिल्या आणि मग हात काढून घेतला. उरलेले काम चाहत्यांनी केले. सुभेदारांच्या वाईट सवयी मोडणे, शेजारी राज्यांना जरा शहाणे करणे, पडद्यांवरची गर्दी आवरणे, असे किती तरी बदल त्यांनी फुकट तयार करून एकमेकांना वाटले. एवढी खटपट करणारे लोक त्या मालाचे शत्रू नव्हते, हे त्यांच्या कडक भाषेवरून कोणाला पटकन कळले नसते.

अमेरिकेतील अटारी कंपनीने जानेवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी ‘मास्टर ऑफ ओरायन’ हे नाव वॉरगेमिंग कंपनीने विकत घेतले. २०१६ मध्ये नवा खेळ आला. तो अर्जेंटिनातील एनजीडी स्टुडिओजने बनवला. बुलराथी, अल्कारी, म्रशान परत आले आणि ग्रहांचा कारभार पुन्हा खेळणाऱ्याच्या हाती आला. लढाई मात्र या वेळीही सलग चालणारीच ठेवली होती. जुन्या खेळाडूंची पहिली तक्रार तिच्याबद्दलच आली.