धुराड्यातला वायू आणि सोड्याची बाटली



मागे सभासदांच्या सहलीत आम्ही हर्णे बंदरावर गेलो होतो. किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव पाहून झाल्यावर टपरीवर गोटी सोडा घेतला. गोटी आत दाबताच फस्सकन वायू निघाला. एका सभासदाने विचारले, "साहेब, बाटलीत एवढा वायू मावतो, मग आपल्या धुराड्यातला का धरता येऊ नये?" प्रश्न मुद्द्याचा आहे.

सोड्यातला वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. गार पाण्यात, दाबाखाली तो मुरतो. दाब गेला किंवा पाणी तापले की सुटतो. धुराड्याच्या धुरात हा वायू शेकडा 10 ते 15 भागच असतो आणि धुराला दाब नसतो. म्हणून नुसते पाणी पुरत नाही. पाण्यात अमाइन नावाचे रसायन, साधारण शेकडा 30 भाग, मिसळतात. सुमारे 40 अंशांना ते वायू पकडते आणि 120 अंशांपर्यंत तापविले की सोडते. तोच द्रव गार करून पुन्हा वापरायचा. तमिळनाडूत तुतीकोरिन येथे 2016 पासून बॉयलरचा वायू असा धरून त्यापासून धुण्याचा सोडा बनविला.

खरी मेख वाफेची आहे. द्रव तापवायला लागणारी वाफ म्हणजे आपली विकायची वीज! इथेच नॅनो कणांची गोष्ट येते. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. ॲल्युमिना, सिलिका यांचे असे अतिसूक्ष्म कण द्रवात किंचित मिसळले, की ते वायूचे बुडबुडे फोडतात, द्रव घुसळतात आणि वायू लवकर मुरतो. तापविताना तो लवकर सुटतोही. पण कण तळाशी बसतात, गुठळ्या होतात, खर्च वाढतो. म्हणून हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त 2022 साली कार्बन धरण्याच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र मंजूर झाले.

मग आपण काय करावे? यंत्रे घेण्याची घाई नको. डिस्टिलरीच्या आंबवणीत 100 किलो ग्लुकोजपासून हिशेबाने 51 किलो अल्कोहोल व 49 किलो हाच वायू निघतो, तोही जवळपास शुद्ध. धरायचाच तर आधी तो धरावा.

आणि सभासदांच्या हातातले काम म्हणजे पाचट! हेक्टरी 8 ते 10 टन पाचट पेटवले, की उसाने वर्षभर हवेतून घेतलेला कार्बन तासाभरात धूर होतो. ते खोडव्यात सरीत दाबा. हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका. ओल टिकेल, सेंद्रिय कर्ब वाढेल.

धुराड्याचे शास्त्रज्ञ बघतील; काडेपेटी मात्र आपल्या खिशात आहे. ती खिशातच राहू द्या!